सॅन स्टॉर्म की अल्ट्रॉझ?

मंडळी, एका मित्राला गोव्यात बनलेली जुनी सॅन स्टॉर्म घ्यायचीय. दोनच सीट, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, ताकद साधारण ६० बीएचपी. आता टाटांची अल्ट्रॉझ बघा. २०२० साली आली तेव्हाच पेट्रोल इंजिन ८५ बीएचपीच्या आसपास, शिवाय ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार. म्हणजे कागदावर फॅमिली कारच स्पोर्ट्स कारला मागे टाकते! अर्थात, आमच्या माणच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही सारख्याच रांगतील. हुड उघडून ताम्हिणी घाटात जायची मजा मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये मावत नाही, हेही मान्य. पण मित्राच्या घरी आई-बाबा, बायको आणि छोटी लेक. स्टॉर्म घेतली, तर दर रविवारी कुणाकुणाला घरी ठेवायचं ते त्यालाच ठरवावं लागणार. आपलं मत अल्ट्रॉझला!