पोट म्हणजे नेमकं कुठं?

मी मेडिकल कोडर आहे. ऐरोलीच्या ऑफिसात सहा वर्षं काढली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन देवरूखला घरी आले ती परत गेलेच नाही. आईला माझं काम अजून धड सांगता येत नाही. शेजारी कुणी विचारलं तर ती म्हणते, "अमेरिकेतल्या डॉक्टरांचे कागद तपासते." जवळजवळ बरोबरच आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला आकडा लावायचा. त्या आकड्यावर तिथला विमा पैसे देतो.

माझ्याकडे कॅन्सरचे चार्ट येतात. जठराच्या कॅन्सरचा कोड सी१६. खरी मेहनत टिंबानंतरच्या आकड्याची. अन्ननलिका जठराला मिळते तिथं शून्य, वरच्या घुमटाला एक, मधल्या अंगाला दोन, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या अँट्रमला तीन, आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पायलोरसला चार. गाठ दोन भागांवर पसरली असेल तर आठ. आणि जागा कुणी लिहिलीच नसेल तर नऊ. नऊ लावला की क्वालिटीवाले विचारणारच, चार्ट शेवटपर्यंत वाचलास का? बहुतेक वेळा एंडोस्कोपीच्या रिपोर्टात कुठंतरी जागा असतेच.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका दुपारी काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, मारळच्या अलीकडच्या वाडीत राहतात. हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत सगळे कागद, कडा ओलसर होऊन एकमेकांना चिकटलेल्या. "बाय, तू ह्याच कामात ना? काय लिवलानी ता बघ जरा."

मी कागद फरशीवर पसरले, पंखा लावला आणि तारखेनं लावायला घेतले. सगळ्यात जुना केसपेपर आठ महिन्यांपूर्वीचा: पोटात दुखणे, गॅस. गोळ्या. पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या. मग वजन घटल्याची नोंद. मग मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दुर्बीण घातलेली, तुकडा काढून तपासायला पाठवलेला. तुकड्याचा रिपोर्ट स्पष्ट होता: अॅडेनोकार्सिनोमा. पण डिस्चार्ज कार्ड त्याच्या आधी छापलेलं, आणि त्यावर निदानाच्या रकान्यात 'कॅन्सर, स्टमक' आणि पुढं प्रश्नचिन्ह. रिपोर्ट आल्यावर ते चिन्ह कुणी खोडलंच नव्हतं. वय तीन कागदांवर तीन प्रकारचं.

सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचाराआधी मंजुरी लागते, ती कागद बघून मिळते. काउंटरवरच्या आरोग्यमित्रानं हेच कागद परत केले होते. चूक त्याची नव्हती. अमेरिकेतल्या बाह्यरुग्णाचं नुसतं असं कार्ड माझ्यासमोर असतं तर मीही तेच केलं असतं. बाह्यरुग्णाच्या कागदावर 'संशय', 'बहुधा' असं काही असेल तर आम्हाला कॅन्सरचा कोड लावता येत नाही, लक्षणाचा लावायचा: पोटदुखीला आर१०, वजन घटल्याला आर६३.४. प्रश्नचिन्हाला कोड नसतो. हा नियम मी नव्या पोरींना शिकवलाय, तोही जरा तोऱ्यातच. त्या दुपारी मात्र तोरा वाटला नाही.

कार्ड दुरुस्त करायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. ते भेटायला चार दिवस, एसटीच्या दोन खेपा. त्यांनी चिन्ह खोडून पुढं लिहिलं, अँट्रम, बायोप्सीने सिद्ध. सही, शिक्का, तारीख.

त्याच खेपेला एका तरुण डॉक्टरनं फॉर्म भरताना विचारलं, "घरात कुणाला कॅन्सर होता?"

"नाय," काका म्हणाले.

मी लगेच काही बोलले नाही, पण मला आजी आठवली. आजी म्हणजे काकांची आई. मी सहा-सात वर्षांची असेन. सकाळी खाल्लेली पेज तिला संध्याकाळी तशीच उलटून पडायची, शितं दिसायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. सगळे म्हणायचे, पोटात गोळा आहे. कुणी म्हणालं बाहेरचं आहे. तिला कुठल्या मोठ्या दवाखान्यात नेलं नाही, दुर्बीण तर दूरच. ती घरी गेली आणि नोंदीत 'वृद्धापकाळ' लागलं. साठीसुद्धा पुरी झाली नव्हती. वृद्धापकाळाचा कोड आर५४.

सकाळचं अन्न संध्याकाळी तसंच बाहेर पडतं, म्हणजे जठराचं खालचं तोंड बंद होत आलेलं असतं. ते गाठीनं होतं, तसं जुन्या अल्सरच्या वणानंही होतं. काकांची गाठ नेमकी त्याच टोकाशी. नात म्हणून मला आजीचा आजार ठाऊक आहे असं वाटतं. कोडर म्हणून माझ्यापुढं एकही कागद नाही, आणि कुटुंबातल्या कॅन्सरचा झेड८० मला अंदाजानं लावता येत नाही. डॉक्टरला मी एवढंच सांगितलं, आजीला काय झालं होतं ते कुणी तपासलं नाही. त्यानं मान हलवली आणि रकान्यात 'नाही' लिहिलं.

बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीबद्दल मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत माणसं गावोगाव जाऊन लोकांशी बोलून रोगी शोधत, कारण दवाखान्याच्या कागदावर थांबलं तर खेड्यातला कॅन्सर दिसतच नाही. तेव्हा ती परीक्षेपुरती माहिती होती. आमच्या ओटीवर तसं कुणी येऊन बसलं असतं, तर "गोळा म्हणजे नेमका कुठं?" असं त्यानं विचारलं असतं का, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आणि विचारलं असतं तरी आजीनं काय सांगितलं असतं? आपल्याकडे बरगडीपासून ओटीपोटापर्यंत सगळं पोटच. जठर पुस्तकात. काकांना कुठं दुखतं विचारलं तेव्हा त्यांनीही अख्खा पंजा पोटावर फिरवला होता.

काकांची मंजुरी आली. ऑपरेशनआधी केमोचे चार डोस झाले, मग जठराचा खालचा भाग काढला, मग पुन्हा डोस. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या डोसाआधीच काका बाजारात सांगत सुटले, "होता, काढून टाकलानी." मी म्हटलं, काका, डोस चालू आहेत तोवर 'आहे' म्हणायचं, आमच्यात तसाच नियम आहे. उपचार संपले की मग 'होता', त्याचा कोड वेगळा. अमेरिकेतले डॉक्टरही चालू उपचारात 'होता' लिहितात आणि मला त्यांना उलट विचारावं लागतं.

"मग माजा आता कुठला?"

"सी सोळा पॉइंट तीन."

काकांनी जरा विचार केला. "एसटीतल्या शिटीसारका वाटता," म्हणाले. "खिडकीचा हाय ना?"