सड्यावरचा वेग आणि खोऱ्यातला उतार : अवजड ट्रकमधील क्रूझ कंट्रोलचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६, म्हणजेच पूर्वीचा क्रमांक १७, सह्याद्री आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून उत्तर-दक्षिण धावतो; येथील नद्या मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, आणि त्यामुळे वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, अर्जुना अशा प्रत्येक नदीपाशी रस्त्याला जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, खोऱ्यात उतरावे लागते आणि पूल ओलांडून पुन्हा चढावे लागते. कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट सर्वांना ठाऊक आहेत. परंतु नावाने घाट न म्हटले जाणारे, हातखंब्यासारखे लांब उतारही अवजड वाहनाच्या दृष्टीने घाटाइतकेच कसोटीचे आहेत. या मार्गावर दहा चाकी मालवाहू ट्रक चालवताना प्रस्तुत लेखकाला क्रूझ कंट्रोल या सुविधेचा जो अनुभव आला, तो या चढउतारांपासून वेगळा काढता येत नाही.

क्रूझ कंट्रोल म्हणजे चालकाने ठरवून दिलेला वेग ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता कायम राखणारी यंत्रणा होय. अमेरिकेतील अंध अभियंते राल्फ टीटर यांना अशा वेगनियामकाचे पेटंट १९५० मध्ये मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने तो मोटारींत बसवला. आजच्या ट्रकमध्ये हे काम इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करते : वेग घटला की ते डिझेल वाढवते, वेग वाढला की डिझेल तोडते, आणि ब्रेक किंवा क्लच दाबताच स्वतः बाजूला होते. साध्या क्रूझ कंट्रोलची सत्ता एवढीच, म्हणजे केवळ इंधनावर, चालते. ब्रेक लावणे तिच्या हाती नसते, आणि अवजड वाहनातील सुरक्षिततेचा सारा प्रश्न या मर्यादेतून उभा राहतो.

जेथे रस्ता अनुकूल आहे तेथे या सुविधेचा लाभ खरा आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. या महामार्गाच्या चौपदरीकरणातले आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे टप्पे दीर्घकाळ रखडले, तरी वाकेडपासून दक्षिणेकडे राजापूर, खारेपाटण, कणकवली या बाजूचा चौपदरी काँक्रीट रस्ता त्यांच्या आधी तयार झाला, आणि पहाटेच्या विरळ वाहतुकीत तेथील सपाट पल्ल्यावर ५५ किलोमीटरचा वेग लावून ठेवला असता घोट्याचा व गुडघ्याचा ताण स्पष्टपणे कमी होतो, डिझेलचे ॲव्हरेज सुधारते आणि नकळत वेग चढण्याची सवयही आवरली जाते. मालवाहू वाहनांसाठी चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर ही केंद्राची कमाल मर्यादा असली, तरी भरलेल्या गाडीचा योग्य वेग त्या मर्यादेवरून नव्हे, तर समोर दिसणाऱ्या रस्त्यावरून ठरवावा लागतो.

उतार लागताच चित्र पालटते, आणि हा पालट डोळ्यांआधी कानांना कळतो. सिमेंटच्या पोत्यांनी भरलेली गाडी अर्जुनेच्या खोऱ्याकडे उतरू लागली की यंत्रणा डिझेल तोडते, इंजिनाचा भार उतरून त्याचा आवाज हलका होतो, केबिनमध्ये काही क्षण सुखद शांतता वाटते, आणि त्याच वेळी वेगाचा काटा ५५ वरून ५८, ६० असा पुढे सरकू लागतो, कारण आता गाडीला इंजिन नव्हे, तर तिचे स्वतःचे वजन ओढत असते. आवाज उतरणे आणि काटा चढणे ही जोडखूण ओळखता येणे हा या अनुभवाचा गाभा आहे.

या वजनाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तीन आसांच्या ट्रकला २०१८ पासून एकूण २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे. दर २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर एवढी गाडी ताशी ६० किलोमीटरवरच रोखून धरायची, तर सुमारे २३० किलोवॅट, म्हणजे तीनशेहून अधिक अश्वशक्ती, सतत शोषून घ्यावी लागते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध त्यातला थोडाच भाग उचलतात. उरलेला भार पायाच्या ब्रेकवर टाकला तर लायनर तापतात, जळका वास येतो आणि अखेरीस ब्रेक पकडेनासे होतात. वेग निम्मा केला की ही शक्तीही निम्मी होते. म्हणून क्रूझ कंट्रोल उताराच्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच बंद करावे, खालचा गिअर घ्यावा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनालाच रोधक बनवणारी सोय, चालू करावा आणि पायाचा ब्रेक वळणासाठी व अडथळ्यासाठी राखून ठेवावा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक यंत्रणा नवी असली तरी बदलत नाही. काही ट्रकांत उतारावर रिटार्डरसह, म्हणजे पायाच्या ब्रेकशिवाय गाडीला रोखणाऱ्या यंत्रणेसह, वेग धरणारी प्रगत व्यवस्था असते; ती आपल्या गाडीत आहे की नाही, हे गाडी हाती घेतानाच विचारून घ्यावे.

‘रिझ्यूम’ हे बटणही असेच जाणतेपणाने वापरण्याचे आहे. ब्रेक दाबून यंत्रणा सुटली तरी आधीचा वेग तिच्या स्मरणात राहतो. पाली किंवा लांजा यांसारख्या बाजारपेठेच्या गावातून ३० च्या वेगाने जाताना ते दाबले गेले, तर गाडी पुन्हा ५५ गाठण्यासाठी जोर करू लागते, आणि रस्ता ओलांडणारी शाळेची मुले किंवा रिक्षा यांची तिला काहीच जाणीव नसते. वस्ती मागे पडून रस्ता मोकळा दिसल्यावर वेग आधी पायाने वाढवावा आणि मगच तो नव्याने लावावा, ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

पावसाळ्यात तर ही सुविधा बंद ठेवणे हाच नियम असावा. रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि लाल माती मिसळून निसरडा थर बनतो, आणि पुढे सखल भागात पाणी साचते. अशा पाण्यात चाकांना विरोध वाढताच यंत्रणा वेग टिकवण्यासाठी अधिक डिझेल देते, तर अनुभवी पाय त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडतो. माल उतरवून परतणाऱ्या रिकाम्या गाडीला हा धोका अधिक असतो, कारण मागच्या चाकांवर भार कमी आणि पकडही कमी असते.

शेवटचा विचार माणसाचा आहे. पाय मोकळा झाला की मनही सैल पडते, आणि ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणून वेग लावलेला असतानाही उजवा पाय ब्रेकच्या जवळच असला पाहिजे, आणि झोप येऊ लागली असता क्रूझ कंट्रोल बंद करून गाडी सुरक्षित जागी उभी केली पाहिजे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद केली होती. ही विश्रांती कोणतेही बटण देऊ शकत नाही, ती मालकानेच द्यावी लागते. नवी गाडी ताब्यात देताना मालकाने चालकाला एक दिवस भरलेल्या गाडीसह याच रस्त्यावर न्यावे, क्रूझ कंट्रोल कोठे लावायचे याआधी ते कोठे सोडायचे हे प्रत्यक्ष दाखवावे, आणि ॲव्हरेजसाठी दटावताना उतारावर घेतलेल्या खालच्या गिअरचा हिशेब चालकाच्या नावावर मांडू नये. एवढे झाले तर ही सुविधा कोकणच्या रस्त्यावरही चालकाच्या खऱ्या उपयोगाची ठरेल.