डफावर जमलेली दोस्ती

कामगारांत गाणाऱ्या शाहिरांच्या लाल बावटा कलापथकाला आपल्यातून जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्याच्या नावावर ना थिएटर होते, ना जमीनजुमला. होते ते डफ, तुणतुणे, झांज आणि एकमेकांवर जीव टाकणारे सोबती.

जन्म १९४४ चा, मुंबईतला. पण त्याच्या गळ्याचे माहेर सोलापूर जिल्ह्यातले. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत मेहबूब हुसेन पटेल जन्मले, तेच पुढे शाहीर अमर शेख झाले. आई मुनेरबींच्या तोंडच्या ओव्या ऐकत ते वाढले, पोटासाठी गिरणीत राबले आणि संपात उतरून विसापूरच्या तुरुंगातही जाऊन आले. दुसरे सोबती अण्णाभाऊ साठे. वाटेगावचे, दीड दिवस शाळा पाहिलेले, मुंबईत मिळेल ते काम करून जगलेले. तिसरे द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊंच्या लेखणीला अमर शेखांचा पहाडी आवाज मिळाला आणि गव्हाणकरांच्या साथीने फड उभा राहिला.

हे कलापथक चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारात, संपाच्या सभेत जाऊन उभे राहायचे. बंगालच्या दुष्काळावर आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णाभाऊंनी पोवाडे रचले होते. दूरदेशीची ती बातमी पाळी संपवून आलेल्या कामगाराला डफाच्या तालावर आपलीशी वाटली. तमाशाचा बाज त्यांनी ठेवला, त्याचे पाणी मात्र बदलले. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले, गवळण गळाली आणि लोकनाट्य नावारूपाला आले.

कलापथकाच्या कारागिरीचा एकच नमुना पाहावा. ‘माझी मैना’ ही अण्णाभाऊंची छक्कड. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने मुंबईतला कामगार झुरतो, इथवर ती सरळ विरहाची लावणी. मग हळूच बेळगाव, कारवार, निपाणी येतात आणि महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूखच ती मैना होऊन बसतो. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न लोकांना तेवढ्यात उमगला, वेगळे भाषण लागले नाही.

या कामात नाव न झालेले हातही होते. शाहिराची ओळ संपत आली की झीलकरी ‘जी जी’ म्हणत ती उचलून धरतात आणि तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो. गर्दीला दिसतो तो शाहीर. त्याचा दम टिकवतो तो झीलकरी. कलापथकाची सारी भिस्त या भरवशावर होती.

मध्यंतरी सरकारी बंदी आली, तीही त्याने सोसली. लोकनाट्याच्या अंगाने शाहिरी पुन्हा लोकांपुढे आली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी सभा जागवल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुढे ज्याची त्याची वाट वेगळी झाली. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांत रमले. १९५९ साली आलेल्या ‘फकिरा’ला पुढे राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अमर शेख स्वतःचे कलापथक घेऊन गात राहिले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेखही गेले. लेखणी आणि गळा, दोन्ही एकाच पावसाळ्यात थांबले.

चार वर्षांनी, ऑगस्ट १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील एका पार्टीत हिपहॉपचा जन्म झाला असे मानतात. हिपहॉपचे आणि कलापथकाचे रक्ताचे नाते नाही. तरीही गल्लीतले जगणे तालावर बोलायचे, दोस्ताने दोस्ताची ओळ उचलायची आणि परवानगीची वाट न पाहता चौकात उभे राहायचे, ही रीत आमच्या कलापथकाला आधीपासून ठाऊक होती. आज बीट लावून मराठीत रॅप करणाऱ्या दोन मित्रांतला एक दमला की दुसरा ओळीचा शेवट उचलतो. त्या पोरांना झीलकरी हा शब्द माहीत असो वा नसो, ते काम त्याचेच करतात.

लाल बावटा कलापथकाच्या पश्चात लोकनाट्य, वस्त्यावस्त्यांतले जलसे, शाहिरांची पुढची पिढी आणि ही रॅप करणारी नातवंडे असा मोठा परिवार आहे.