कडेचं प्यादं

१९ जुलै २०२५, आंजी (मोठी)

सकाळपासून झड. वाफसा नाही म्हणून डवरणी थांबली. पट मांडून बसलो.

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, म्हणजे ई४ खेळला, की काळ्यानं वजिराच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं एकच घर सरकवायचं: ए६. त्यावर डी४ आलं की बी५. सेंट जॉर्ज बचाव म्हणतात याला. मध्य धरा, घोडे-उंट बाहेर काढा, असं प्रत्येक पुस्तक सांगतं, आणि हा बचाव पहिल्या दोन्ही खेळ्या कडेलाच घालतो. संगणकाच्या मते पांढरा वरचढ. असेल. पण उंट बी७वर आला की त्याची नजर थेट ई४वर जाते, आणि पुढची सगळी लढाई त्या एका प्याद्याभोवती होते. वर्ध्याच्या स्पर्धांत पोरं सिसिलियनच्या लांबच लांब ओळी पाठ करून येतात. पाठांतर संपेल तिथून दोघांनी सारखाच विचार करावा, एवढ्यासाठी मला सेंट जॉर्ज हवा आहे.

२२ जुलै

आज माइल्सचा डाव पुन्हा लावला. स्वीडनमधलं स्कारा, १९८०, युरोपीय सांघिक स्पर्धा. पांढऱ्याकडून जगज्जेता अनातोली कार्पोव, काळ्याकडून इंग्लंडचा टोनी माइल्स. ई४ला माइल्सनं ए६ केलं तेव्हा सभागृहात हसू पसरलं म्हणतात.

सहाव्या खेळीला कार्पोव ए४ खेळून बी५ला धक्का देतो. माइल्स तिकडे बघतही नाही, सी५ खेळून मध्यावर घाव घालतो. हीच या बचावाची किल्ली वाटते मला. कडेची प्यादी पुढे जातात ती उंटाला वाट आणि सी५ला वेळ मिळावा म्हणून.

सर्वांत जास्त वेळ एकविसाव्या खेळीवर गेला. पांढऱ्याचा घोडा जी५वर, काळ्याच्या एच६च्या प्याद्याच्या तोंडात. फुकटच दिसतो. घेतला की वजीर एच५वर शह देणार आणि लगेच एच७वर मात, कारण बी१वरचा उंट त्या घराला जोर देतो. माइल्स घोडा घेत नाही, उंट ई७वर आणतो. आता मात्र घोड्याला हलावंच लागतं. दोन खेळ्यांनी कार्पोवचा वजीर डी३वर जातो, हत्तींची मारामारी होते, आणि माइल्सचा वजीर बी२चं प्यादं खातो, मग ई५चंही. कार्पोवनं ४६व्या खेळीनंतर डाव सोडला. माइल्सची लोकांना पहिलीच खेळी आठवते. मला ही ई७वरची आठवते.

२५ जुलै

संध्याकाळी काकाजींकडे गेलो. ते देशी बुद्धिबळ खेळलेले. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, कॅसलिंग नाही. राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्याची उडी घेता येते. ए६ बघून म्हणाले, "हे चालते. मंग बी५ कसं? दोन घरं काहून?" माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांच्या नियमानंच एक डाव खेळलो. त्यांनी जी६, उंट जी७, डी६ असं सावकाश घर बांधलं. माझी मधली प्यादी पुढे येऊ दिली आणि मग एकेक तोडली.

कलकत्त्यात १८५०च्या दशकात बॅरिस्टर जॉन कॉक्रेनबरोबर मोहेशचंद्र बॅनर्जी असेच डाव खेळत. एका घराच्या प्याद्यावर वाढलेल्या माणसाला हीच मांडणी सहज सुचणार. युरोपला ती कितीतरी वर्षं विचित्र वाटली. नंतर जगज्जेतेही ती खेळू लागले; नाव मात्र 'इंडियन'च राहिलं. काकाजींनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांचा हात ते जाणतो.

२८ जुलै

दिव्या देशमुख जिंकली! बटुमीत, महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, कोनेरू हंपीसारख्या खेळाडूशी. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत, आज जलद डावांत निकाल. आणि जिंकलेला डाव काळ्याकडूनचा. नागपूरची १९ वर्षांची मुलगी, आज भारताची ८८वी ग्रँडमास्टर. तिचे बचाव भक्कम, मान्य चालींचे असतात, माझ्या ए६शी त्यांचा संबंध नाही. तरीही काळ्याकडून केवळ बरोबरीसाठी बसायचं नसतं, हे आज आपल्या शेजारच्या गावानं दाखवलं.

३ ऑगस्ट

पुतण्या फोनवर सापळे शिकतो. डी४ला ई५ टाकायचं आणि सातआठ खेळ्यांत मात करायची. त्याला म्हटलं, समोरच्याला उत्तर माहीत असलं की तुझ्या हातात नुसतं प्यादं गेलेलं उरतं. मग बी५वर पांढऱ्यानं सी४ खेळून हल्ला केला तर काय, ते त्याच्यासमोर मांडलं. उंट बी७. पांढऱ्यानं बी५वर मारलं, आपण ए-प्याद्यानं परत मारलं, त्याच्या उंटानं तेही खाल्लं. मग आपला उंट ई४ घेतो आणि जी२कडे बघतो. प्यादी सारखीच गेली, पण त्याचं मधलं गेलं, आपलं कडेचं. पोराचे डोळे चमकले. यात सापळा नाही, हिशेब आहे, आणि तो त्याला स्वतः करता आला.

१० ऑगस्ट

ई४चं उत्तर ठरलं. वजिरापुढच्या प्याद्यानं सुरुवात झाली तर मात्र ए६चा उपयोग कमी, कारण पांढरा सी४ आधीच टाकतो आणि बी५ सहज खेळता येत नाही. तिथे काकाजींचंच घर बांधायचं: घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६. उद्या डवरणी उरकली की पट घेऊन त्यांच्याकडे.