अक्काकडे पर्यटक

चोर्ला घाट उतरून साखळीला अक्काकडे जायचे तर आम्हां बेळगावकरांना कधी कोणाला विचारावे लागले नव्हते. करोनाने ती सवय मोडली.

गोव्याने २ जुलै २०२० पासून देशी पर्यटकांना दार उघडले, तेव्हा सरकार आणि हॉटेलवाले यांनी जबाबदारी वाटून घेतली होती. पर्यटन खात्याची परवानगी असलेल्या हॉटेलांनीच माणसे घ्यायची. पर्यटकाने खोली आधी राखून ठेवायची, ४८ तासांतला निगेटिव्ह दाखला आणायचा, नाहीतर नाक्यावर तपासणी करून घ्यायची. पाहुणा कोठे उतरला आहे हे कोणाला तरी ठाऊक असावे, एवढाच त्यातला हेतू. मला ती व्यवस्था पटली. (मास्तराला हजेरीपट आवडतोच!)

राखीपौर्णिमा जवळ आली. तिकडे लॉज चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, परवानगी मिळालीय. माझ्याकडे खोली घ्या, पर्यटक म्हणून सरळ या."

अक्काला सांगितले. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माझं घर असताना तू लॉजात उतरणार? त्यापेक्षा येऊच नकोस."

गेलो नाही.

१ सप्टेंबरला केंद्राच्या सूचनेनुसार अटी उठल्या. गोव्यात आजार तेव्हा वाढतच होता. पहिल्याच रविवारी मी निघालो. नाक्यावर कोणी हटकले नाही. अक्काने मात्र उंबऱ्याबाहेरच थांबवले. पायरीवर बादली, साबण आणि धुतलेले धोतर ठेवले होते. राखी तिने डब्यात जपून ठेवली होती. ती आंघोळीनंतर मिळाली.