भार न पेलणारे लाकूड

लोणावळ्याच्या आमच्या घरात बैठकीच्या छताखाली, भिंतीच्या कडेने एक लांबट पेटी होती. वरच्या न्हाणीघराचे नळ आणि विजेच्या तारा तिच्यात दडवलेल्या. सागाच्या रिपांची चौकट करून, तिला प्लायवूड ठोकून वडिलांनी ती बांधली होती. वडील पेशाने सुतार. मी मराठी घेऊन एम. ए. झालो.

दर पावसाळ्यात दमट हवेने रिपा फुगत, उन्हाळ्यात आकसत आणि सांध्यावर केसासारखी भेग उमटे. दसऱ्याला हत्यारे पूजून झाली, की वडील ती लांबीने भरत. ‘लाकूड ऋतू पाळतं,’ एवढेच म्हणत.

त्यांच्या पश्चात नळ झिरपू लागला. मी दुर्लक्ष केले. ओलीच्या मागोमाग वाळवी आली. वडिलांच्या हाताखाली तयार झालेल्या एका सुताराचा मुलगा आता जिप्समची छते करतो. त्याने रीप बोटाने दाबली, भुगा पडला. ‘सर, आता लाकूड नको. जीआयच्या चॅनेलमध्ये करू.’ मला ते रुचले नाही. वडिलांच्या जागी पत्रा? विचार करून सांगतो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी कार्ल्याला गेलो; खरे तर लाकडाच्या बाजूचा साक्षीदार शोधायला.

कार्ल्याचे चैत्यगृह खडकात कोरलेले आहे आणि त्याच्या कमानदार छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आहेत. त्या मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवल्या होत्या. त्या दिवशी मात्र एक साधी गोष्ट ध्यानात आली : त्या फासळ्या छताचा भार पेलत नाहीत. डोंगर स्वतःच्याच बळावर उभा आहे. लाकडी वास्तूंना सरावलेल्या डोळ्यांना छत छतासारखे दिसावे, म्हणून त्या आहेत. आमची पेटी तरी दुसरे काय करत होती? तिथेच धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीचा, म्हणजे सुताराचा, ब्राह्मी लेख आहे. द्वार आपण घडवल्याचे तो सांगतो. द्वार दगडाचे, घडवणारा सुतार. साहित्य बदलले म्हणून त्याने स्वतःचे नाव बदलले नाही.

खडकाच्या आडोशाला ते लाकूड टिकले. आमच्या लाकडावर मीच पाणी सोडले होते. म्हणून आधी नळ बदलला, मग मुलाला होकार दिला. जस्ताचा मुलामा दिलेले पातळ चॅनेल हलके असतात, हवेतल्या ओलीने फुगत नाहीत, वाळवी त्यांना खात नाही. ‘पण पाणी गळत राहिलं तर यालाही गंज धरतो, सर,’ तो म्हणाला. जड दिवा त्याने चौकटीला न टांगता थेट स्लॅबला टांगला. कुसू आणि खाच यांची जागा स्क्रूंनी घेतली.

जुनी चौकट उतरवताना एका रिपेच्या पाठीवर वडिलांची पेन्सिल दिसली : एक माप, ते खोडून दुसरे, खाली ‘पुन्हा बघणे’. भाज्याच्या चैत्यगृहातील लाकडी फासळ्यांवरही ब्राह्मी अक्षरे आहेत, ते आठवले. वाळवी न लागलेला तेवढा हातभर तुकडा मुलाने न सांगता कापून माझ्या हाती दिला.

पावसाळा सरला. सांधा जसाच्या तसा आहे. दसऱ्याला वडिलांची हत्यारे पूजली, लांबीचा डबाही सवयीने काढला. पण भरायला भेग नव्हती.