पस्तीस घोडे कोठे गेले?

मे महिन्यातील पनवेलची दुपार. पारा ३५ अंशांवर, गाढी नदीचे पात्र आटलेले, प्रबळगड धुरकट. अशा वेळी येथील एखाद्या मोकळ्या पट्टीवर शंभर अश्वशक्तीचे छोटे विमान उभे आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या कागदावरील ‘शंभर’ हा आकडा १५ अंश तापमानाच्या कोरड्या हवेत, समुद्रसपाटीवर धरलेला असतो. ३५ अंशांवर तीच हवा सुमारे साडेसहा टक्के विरळ होते, आणि खाडीवरून येणारे बाष्प प्राणवायूची आणखी थोडी जागा अडवते. म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच सहा-सात घोडे तबेल्यातून पसार झालेले असतात.

इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो. खरे पाहता ते हवेवर चालते. पेट्रोल हवे तितके ओतता येते. अडचण असते ती ते जाळण्यास पुरेशी हवा सिलिंडरमध्ये कोंबण्याची. हे एकदा ध्यानात आले, की स्वतःच्या हाताने विमान बांधून शर्यतीत उतरणारी माणसे गेली शंभर वर्षे नेमकी कशाशी झुंजत आली, ते उमगू लागते. आजचा धागा त्यांच्याविषयी, आणि इतिहासातून नाहीशा झालेल्या पस्तीस घोड्यांविषयी.

घरी विमान बांधणे हे केवळ परदेशी खूळ नव्हे. कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नागरी विमान म्हणून नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण-चाचणी पार पडली. गच्चीवरून धावपट्टीपर्यंतच्या या प्रवासात धातूकामाइतकेच आयुष्य कागदपत्रांनी खाल्ले. आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानांच्या शर्यती होत नाहीत, याचे एक कारण तेथे सापडेल.

अमेरिकेत मात्र त्या होतात. तेथे ‘फॉर्म्युला वन’ नावाचा एक वर्ग आहे. त्यातील विमाने अगदी चिमुकली, बहुतेक घरीच बांधलेली. आणि इंजिन सर्वांना एकच, काँटिनेंटल ओ-२००. चार सिलिंडर, सुमारे ३.३ लिटर, मिनिटाला २,७५० फेऱ्यांवर शंभर अश्वशक्ती. प्रशिक्षण विमानांत बसणारे हे गरीब, सोशिक इंजिन. नियम असे, की मोठे इंजिन बसवायचे नाही आणि मूळ रचना फारशी बदलायची नाही. मग जोर आणायचा कोठून?

सर्वांत सरळ वाट म्हणजे इंजिन अधिक वेगाने फिरवणे. मिनिटाला जितक्या फेऱ्या जास्त, तितके हवेचे घास जास्त. शर्यतीत ही मंडळी ते ४,००० फेऱ्यांवर पळवतात. फेऱ्या जवळजवळ दीडपट झाल्या. पण पिस्टन वर-खाली खेचणाऱ्या दांड्यांवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो दुपटीहूनही पुढे गेला. घोडे उसने मिळतात, व्याज दांड्या भरतात.

पंख्याचे गणित आणखी मौजेचे आहे. दीड मीटर व्यासाचा पंखा ४,००० फेऱ्यांनी फिरला, तर त्याच्या टोकाची गती सेकंदाला ३१४ मीटर होते. त्यात विमानाची पुढे जाण्याची गती मिळवली, की ते टोक ध्वनीच्या उंबरठ्यावर येते. तेथून पुढे जोर वाढवला तरी त्याचा बराच भाग नुसत्या कर्कश आवाजात जातो. म्हणून शर्यतीच्या विमानांचे पंखे आखूड असतात. दिसायला काहीसे हास्यास्पद, पण पूर्ण विचारान्ती कापलेले.

दुसरी वाट मिश्रण अधिक दाबण्याची. दाब वाढला की त्याच घोटभर इंधनातून अधिक काम निघते. परंतु एका मर्यादेपलीकडे मिश्रण शिस्तीने जळण्याऐवजी एकदम भडकते. त्या घणाघाताने पिस्टनला भोके पडतात. उन्हाळ्यात आत येणारी हवा आधीच तापलेली असल्यामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते. पनवेलच्या दुपारी हे धाडस कोणी करू नये.

विरळ हवेचा एक उपकारही सांगितला पाहिजे. नेवाडातील रेनो येथे १९६४ ते २०२३ पर्यंत हवाई शर्यती झाल्या. ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथे इंजिनाचा जोर घटतो, पण विमानाला होणारा हवेचा अडथळाही घटतो. शिवाय खाली सपाट, कोरडे वाळवंट. इंजिनाने दगा दिला, तर उतरायला जागा असते. पनवेलहून उडालेल्या विमानाखाली एकीकडे माथेरान-कर्नाळ्याचे डोंगर आणि दुसरीकडे खाडीचा चिखल व कांदळवने. शर्यतीचे इंजिन किती ताणावे याचे उत्तर कारखान्याइतकेच खालच्या जमिनीवरही अवलंबून असते.

हा हिशेब प्रथम कसून मांडला गेला तो लंडनजवळच्या स्टॅग लेन येथे. जेफ्री डी हॅव्हिलँड यांच्या ‘मॉथ’ या छोट्या विमानाने १९२५ मध्ये पहिले उड्डाण केले. त्याचे इंजिन म्हणजे काटकसरीचा नमुना होता : महायुद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे भाग घेऊन फ्रँक हाल्फर्ड यांनी चार सिलिंडरचे ‘सिरस’ तयार केले होते. युद्धातील शिल्लक साठा संपत आल्यावर मात्र नवे इंजिन लागणार होते. हाल्फर्ड यांनी ते रेखाटले. नाव ‘जिप्सी’.

१९२७ मध्ये ते एका इवल्या शर्यती विमानात बसवले गेले. वैमानिकाच्या देहाभोवती शिवल्यासारखे ते विमान होते. त्यातील जिप्सी १३५ अश्वशक्ती देत होते. त्या ऑगस्टमध्ये ह्यूबर्ट ब्रॉड यांनी शंभर किलोमीटरच्या बंद फेरीत ताशी सुमारे ३०० किलोमीटरचा वेग गाठून त्या वर्गातील विक्रम केला.

आणि मग कारखान्याने जे केले, ते कोणत्याही विक्रमापेक्षा मोलाचे होते. विक्रीसाठी तेच इंजिन काढताना त्याचा जोर शंभरापर्यंत उतरवला. पस्तीस घोडे जाणूनबुजून सोडून दिले. त्या बदल्यात काय मिळाले, तेही जगाला दाखवले : एक जिप्सी मोहोरबंद करून विमानात बसवले, आणि ते १९२८-२९ मध्ये ६०० तास उडवले. नंतर उघडून पाहिले, तेव्हा बदलाव्या लागलेल्या भागांचा खर्च निघाला सुमारे सात पौंड.

ते सोडलेले घोडे कामी आले भारतीय तरुणांच्या. आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते : इंग्लंड ते भारत हा प्रवास, कोणत्याही दिशेने, एकट्याने प्रथम पार करणाऱ्या भारतीयासाठी. १९३० मध्ये तिघे उतरले. मनमोहन सिंग आणि १७ वर्षांचे ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले. मुंबईचे २५ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून. तिघांचीही विमाने जिप्सी मॉथ. वाळवंट, समुद्र, वादळे, आणि सोबतीला कोणी नाही. अशा वाटेवर १३५ अश्वशक्तीचे ताणलेले इंजिन किती दिवस टिकले असते?

इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथे टाटा उतरले, तेव्हा ॲस्पी तेथे अडकून पडले होते. विमान धड होते, इंजिन धड होते. नडला होता तो स्पार्क प्लग. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. दोघे आपापल्या दिशेने उडाले. ॲस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टाटा हरले, आणि दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूच्या पट्टीवर उतरले. त्या ‘पस मॉथ’ विमानात जिप्सीचीच पुढची, उलटी बसवलेली आवृत्ती होती. १२० अश्वशक्तीची. पाच वर्षांपूर्वीच्या शर्यती इंजिनापेक्षा पंधरा घोडे अजूनही कमीच.